तत्त्वतः फळा

दातांच्या डॉक्टरांच्या नव्या पँटच्या मांडीवर एक भागाकार आढळून आला. सकाळची वेळ होती. खुर्चीत आडव्या झालेल्या पेशंटची नजर बराच वेळ त्या मांडीवर खिळली होती, पण तोंडात डॉक्टरांचे दोन्ही हात असल्यामुळे त्याला मत मांडता येत नव्हतं. गुळणी करायची परवानगी मिळाली तशी त्याने दाढेचा विषय बाजूला ठेवला.

"डॉक्टर, तुमच्या पँटवर कुणीतरी गणित केलंय."

डॉक्टरांनी दाढा बघायचा छोटा आरसा मांडीजवळ नेला. पँटवर उलटे उमटलेले आकडे आरशात सुलट झाले. भागाकार पूर्ण होता, बाकीही बरोबर होती. डॉक्टरांचा पारा मात्र चढला, कारण पँट पहिल्यांदाच घातलेली होती.

संध्याकाळी पिशवीत पँट कोंबून ते शिवणवाल्या ताईंच्या दुकानात गेले आणि दारातच थबकले. दुकान म्हणजे एकच लांबट खोली. भिंतीला लागून दोन शिलाई मशिनं, मधे कटिंगचं मोठं टेबल, आणि त्या टेबलाला चारी बाजूंनी चिकटलेली पोरं. आईवडील कामावर, घरात पाठ टेकायला जागा नाही तर अभ्यासाला कुठून असणार, अशी आजूबाजूच्या वस्तीतली मुलं. कापडावर खुणा करायचा चपटा खडू घेऊन जो तो टेबलाच्या आपापल्या कोपऱ्यात लिहीत होता. एक मुलगी पाढे म्हणत होती, तिचा आवाज रस्त्याच्या पलीकडे पोचत होता. तिला सगळे भोंगा म्हणत. नाव ठेवणाऱ्याची चूक नव्हती.

"डॉक्टर, मला माहितीये तुम्ही कशाला आलात," ताई ओशाळून म्हणाल्या. "रोज सकाळी टेबल पुसते हो. पण एखादा आकडा राहतो, त्यावर कपडा पडतो, वरून इस्त्रीची वाफ बसली की उमटतो. गेल्या महिन्यात एकांच्या कोटाच्या पाठीवर 'गाढव' गेलं."

"गाढव?"

"शुद्धलेखन होतं. उलटं उमटलेलं, पण लोकांना तेवढं बरोबर वाचता येतं. ते गिऱ्हाईक काही परत आलं नाही." त्यांनी पँट हातात घेऊन डाग निरखला. "अशी गिऱ्हाइकं तुटत राहिली तर एक दिवस या पोरांना घरी पाठवावं लागेल मला. टेबलावर पोट आहे माझं. एक फळा असता ना भिंतीला, तर काही प्रश्नच नव्हता."

डॉक्टरांचा राग जागच्या जागी विरघळला. आपण योग्य माणूस आहोत, योग्य ठिकाणी उभे आहोत, असं त्यांना मनापासून वाटलं. कारण डॉक्टर नुकतेच समितीवर गेले होते.

"फळा झाला असं समजा," ते म्हणाले. "आमची समिती याच कामासाठी आहे. तुम्ही फक्त अर्ज करा."

भोंग्याने पाढा थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "नक्की ना, काका?"

"नक्की," काका म्हणाले.

घरी बायकोने हकीकत ऐकली आणि ताट वाढता वाढता विचारलं, "अहो, मग एक फळा नेऊन द्या की. कोपऱ्यावरच्या दुकानात उभे केलेले असतात."

"असं नसतं गं," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले. "व्यक्तीने परस्पर मदत केली की परावलंबित्व येतं. समितीतर्फे गेलं की त्यालाच सक्षमीकरण म्हणतात."

"फळा तोच ना पण?"

डॉक्टरांनी जेवणाकडे लक्ष वळवलं.

समितीचं पूर्ण नाव 'वंचित बालक शैक्षणिक उपक्रम छाननी व अर्थसाहाय्य स्वयंसेवक समिती' असं होतं आणि ते एका दमात म्हणणं ही सदस्यत्वाची अघोषित अट होती. दर रविवारी सकाळी सगळे बसत. सगळी भली माणसं होती, हे इथे स्पष्ट केलं पाहिजे. कुणी मानधन घेत नव्हतं, बिस्किटंसुद्धा घरून आणत. अध्यक्षबाई एका मोठ्या कंपनीत माणसं निवडण्याचं काम करून निवृत्त झाल्या होत्या आणि समोरच्याकडे अजूनही त्याच नजरेने बघत. बँकवाले काका आयुष्यभर कर्ज नाकारून थकले होते आणि आता समाजाची सेवा करत होते. तिसरे एक आर्किटेक्ट. त्यांना कुठलीही खोली आहे तशी बघवत नसे.

समितीचा एक नियम होता. अर्ज तपासणाऱ्या प्रत्येकाने किमान एक सुधारणा सुचवलीच पाहिजे. पूर्वी एक सदस्य प्रत्येक अर्जावर 'छान' एवढंच लिहीत असत. पुढे उघडकीला आलं की ते चष्मा घरी विसरून येत. तेव्हापासून सूचना नाही म्हणजे वाचन नाही, असं ठरून गेलं होतं.

ताईंचा अर्ज दोन ओळींचा होता. मुलं टेबलावर लिहितात, कपडे खराब होतात, एक फळा मिळावा.

"विषय हृदयस्पर्शी आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण फळ्यामुळे मुलांच्या आयुष्यात नेमका काय बदल होणार, हे कुठे आलं नाही. ही माझी सूचना."

"मुलं वंचित आहेत याला आधार काय?" बँकवाले काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे माझा विश्वास आहे. पण विश्वास हा काही पुरावा नव्हे."

आर्किटेक्टांना भिंतीचा नकाशा हवा होता. मग सगळे डॉक्टरांकडे वळले.

"माझी काही सूचना नाही," डॉक्टर म्हणाले. "मी स्वतः बघून आलोय. द्यावा फळा."

आर्किटेक्टांनी बिस्किट परत बशीत ठेवलं.

"डॉक्टर," अध्यक्षबाई मायेने म्हणाल्या, "तुम्ही अर्ज वाचलाय ना?"

डॉक्टर गडबडले. कुणाचंही नुकसान होणार नाही अशी सूचना त्यांनी घाईघाईने शोधली. "फळा... हिरवा असावा. डोळ्यांना बरा."

"उत्तम!" सगळे एकदम म्हणाले आणि फळ्याला तत्त्वतः मान्यता मिळाली. अर्ज सुधारणांसाठी परत गेला.

तत्त्वतः मान्यता म्हणजे काय, हे डॉक्टरांनी ताईंना दुकानात जाऊन समजावून सांगितलं. फळा मिळालेला आहे, फक्त तो इथे नाही. ताईंनी मान डोलावली. भोंग्याने भिंतीकडे निरखून पाहिलं आणि तत्त्वतः तिथे फळा आहे हे मान्य केलं.

सुधारित अर्ज आला तेव्हा अडचण वेगळीच निघाली. अर्जदाराने चारही सूचना निमूट स्वीकारल्या, याचा अर्थ मूळ अर्जात तितक्या त्रुटी होत्या, हे तिनेच कबूल केलं होतं. मग आणखीही असणार. बँकवाले काकांचा हा तर्क बिनतोड होता. शिवाय सुधारित अर्ज हा नवा अर्ज, आणि नव्या अर्जाला नवी सूचना लागते. डॉक्टरांनी या वेळी फळ्याची चौकट लाकडी असावी असं सुचवलं आणि मान खाली घातली.

मग पाहणी ठरली. पाहुणे येणार म्हणून ताईंनी मुलांना अंघोळी करून, केस विंचरून यायला बजावलं होतं. टेबल घासून लख्ख केलं होतं. बँकवाले काका आत शिरले आणि त्यांचा चेहरा पडला.

"ही मुलं?" त्यांनी डॉक्टरांच्या कानात विचारलं. "ही तर आपल्यासारखीच दिसतायत."

त्यांनी खात्रीसाठी भोंग्याला एक अवघड गुणाकार घातला. तिने तो तोंडी सोडवला. रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही उत्तर कळलं.

"ताई, ही मुलगी हुशार आहे," काका गंभीरपणे म्हणाले.

"हो ना!" ताईंचा चेहरा उजळला.

"मग ही वंचित कशी?"

ताई गोंधळल्या. "हुशार आहे म्हणूनच तर वाटतं हो, की हिला नीट..."

"तसं नाही. निकाल चांगला दिसला तर मदतीची गरज दिसत नाही आणि निकाल दिसलाच नाही तर मदतीचा उपयोग दिसत नाही. पुढच्या पाहणीला मध्यम हुशार मुलं ठेवा."

आर्किटेक्ट तोवर खोलीभर फिरून आले होते. कात्र्या, सुया, गरम इस्त्री. हे अध्ययनाला पोषक वातावरण नव्हतं. मशिनं इथून हलवावीत, अशी त्यांनी सूचना केली.

"मग मी शिवू कुठे?" ताईंनी विचारलं.

"उपजीविका हा विषय आमच्या कक्षेत येत नाही," आर्किटेक्ट हळहळून म्हणाले. "त्याची वेगळी समिती आहे. तिथेही आमच्यासारखीच माणसं आहेत, काळजी करू नका."

इथून पुढे अर्ज अंगाने भरू लागला. नुसता फळा फार जुना वाटतो, म्हणून त्याच्या जागी 'दृश्य अध्ययन पृष्ठभाग' आला. पृष्ठभाग म्हटला की पडदा आला, पडद्याला वीज आली, वीज जाते म्हणून बॅटरी आली, बॅटरी चोरीला जाते म्हणून रखवालदार आला. रखवालदार माणूस आहे, त्याला बसायला खुर्ची आली. एवढा पसारा लहान उपक्रमांच्या मर्यादेत बसेना, तेव्हा अर्ज मोठ्या उपक्रमांत गेला आणि मोठ्या उपक्रमासाठी मुलं कमी पडू लागली. ताई संध्याकाळी वस्तीत फिरून मुलं गोळा करू लागल्या. टेबलाभोवती इतकी दाटी झाली की मागच्या रांगेला टेबल दिसेना. आपल्या वाट्याला ज्या सूचना आल्या त्या डॉक्टरांनी अगदी लहान, निरुपद्रवी दिल्या होत्या. रखवालदाराची खुर्ची त्यांचीच होती.

मधे एकदा ते विचारपूस करायला दुकानात गेले. ताई मशीन बंद ठेवून त्रुटीपूर्ततेची उत्तरं लिहीत होत्या आणि हस्ताक्षर सुधारावं म्हणून मुलं त्यांच्या प्रती काढत होती. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द अगदी पिटुकल्या पोरांच्याही हाताखालून सुंदर उतरत होते. भोंग्याने डॉक्टरांपुढे आपली वही धरली. शाळेत 'माझी आई' असा निबंध दिला होता.

डॉक्टरांनी वाचलं. 'सदर आई ही माझी असून ती सकाळी लवकर उठते. उठण्याबाबतचा पुरावा सोबत जोडलेला नाही. आईमुळे माझ्या आयुष्यात अपेक्षित बदल घडत असून तिला तत्त्वतः मान्यता आहे.'

"बाईंनी काय म्हटलं शाळेत?" डॉक्टरांनी कसंबसं विचारलं.

"आईला शाळेत बोलावलंय," भोंगा म्हणाली.

डॉक्टरांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. दुकानात मांडणीवर शिवून ठेवलेले कपडे पूर्वी छताला टेकत. आता मांडणीचं वरचं फळकूट रिकामं होतं. ताईंनी त्यांची नजर ओळखली.

"परवा एका बाईंच्या ब्लाउजवर 'तत्त्वतः' उमटलं," त्या हळूच म्हणाल्या. "त्या म्हणाल्या, आता फक्त तत्त्वतःच येईन."

त्या रात्री जेवताना बायकोने पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानाचा विषय काढला. डॉक्टर म्हणाले, प्रकरण शेवटच्या टप्प्यात आहे.

ते खरंही होतं. वर्ष संपत आलं होतं, अहवाल छापायचा होता आणि अहवालाला एक यशोगाथा लागते. वर्षभरात समितीने अनेक अर्जांना तत्त्वतः मान्यता दिली होती, पण तत्त्वतः गोष्टीचा फोटो निघत नाही. अध्यक्षबाईंनी यावर तोडगा काढला. ज्या बाईला दोन ओळींपलीकडे लिहिता येत नव्हतं, तिचा अर्ज आज उचलायला दोन हात लागतात. ही प्रगती नाही तर काय? ताईंना अर्जदारांची प्रतिनिधी म्हणून समितीवर घ्यायचं ठरलं. आर्किटेक्टांनी टाळ्या वाजवल्या. दुकानातला मुलांचा रविवार सकाळचा वर्ग त्यामुळे बंद ठेवावा लागणार होता, पण ते पुढचं पुढे बघता आलं असतं.

ताई पहिल्या सभेला आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून, आणि खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या. समोर एका वाचनालयाचा अर्ज होता. मुलांच्या पुस्तकांसाठी एक पेटी हवी होती. सूचना फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आली. सगळ्यांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. ताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या हातांकडे.

"पेटीला..." त्या चाचरत म्हणाल्या, "कुलूप कुठलं असेल?"

"वा!" बँकवाले काका म्हणाले.

डॉक्टरांना शरम वाटली. ताईंची नव्हे, स्वतःची. ती हिरव्या फळ्यापासून साठत आलेली होती. तेवढ्यात दोन माणसं दारातून एक भलामोठा पांढराशुभ्र फळा तिरपा करून आत घेऊन आली. सूचनांची संख्या वाढल्यामुळे भिंतीवरचा जुना फळा समितीला अपुरा पडत होता.

"हा कधी मंजूर झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"याला मंजुरी कशाला?" बँकवाले काका म्हणाले. "हा उपक्रम नाही. प्रशासकीय गरज आहे. फोन केला, आला."

"मग तो जुना ताईंना द्या. आत्ता. मी उचलून नेतो."

अध्यक्षबाईंना वाईट वाटलेलं दिसलं. "डॉक्टर, वंचित मुलांना वापरलेली वस्तू? त्यांच्या प्रतिष्ठेचा काही विचार?"

जुना फळा अडगळीच्या खोलीत गेला. तिथे त्याच्या प्रतिष्ठेचे आधीचे दोन फळे होते.

पुढच्या रविवारी डॉक्टर सभेला गेले नाहीत. ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराने कोणता फळा हवा असं विचारताच ते इतक्या जोरात "कुठलाही!" म्हणाले की त्याने निमूटपणे सगळ्यात पुढचा काढून दिला. तो काळा निघाला. काळा फळा टॅक्सीच्या टपावर बांधून, खिडकीतून एक हात बाहेर काढून तो धरत डॉक्टर ताईंच्या दुकानी पोचले.

दुकान बंद होतं. ताई सभेला गेल्या होत्या. पोरं मात्र सवयीने आलेली होती आणि पायरीवर बसून होती. न्हाव्याकडे किल्ली होती, हातोडाही त्याच्याचकडे मिळाला. डॉक्टर आयुष्यभर खिळखिळ्या गोष्टी उपटत आले होते, काही ठोकून बसवायची ही पहिलीच वेळ. फळा एका बाजूला किंचित उतरता लागला. घाम पुसत ते मागे सरकले.

पोरांनी आधी फळ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. टाळी कुणी वाजवली नाही. भोंगा पुढे झाली आणि आयुष्यात पहिल्यांदाच दबक्या आवाजात बोलली.

"काका, फळा छान आहे. पण माझी एक सूचना आहे."

शेवटी या पोरीलाही आपणच बिघडवलं, असं डॉक्टरांच्या मनात आलं. "बोल," ते कसेबसे म्हणाले.

"खडू?"

ताईंचा चपटा खडू फळ्यावरून नुसता घसरत होता. डॉक्टरांनी खिसे चाचपले. वर्षभर त्या फळ्याचा रंग, चौकट, वीज आणि रखवालदार यावर विद्वान माणसांनी डोकी झिजवली होती. खडू कुणालाही सुचला नव्हता. डॉक्टर त्या रस्त्याच्या टोकाच्या वाण्यापर्यंत चक्क धावत गेले. त्यांच्या वयाच्या माणसाला ते शोभलं नाही, पण खडू आला.

ताई परतल्या तेव्हा फळा आकड्यांनी भरून गेला होता. त्या दारातच थांबल्या. "अहो डॉक्टर, आता अर्जाचं काय होणार?" त्यांच्या तोंडून पहिलं हेच निघालं. मग त्यांची नजर कटिंगच्या टेबलाकडे गेली. त्यावर काही नव्हतं. त्यांनी जवळ जाऊन त्याच्यावर तळहात फिरवला, तळहात उलटा करून पाहिला, आणि पदर डोळ्यांना लावला. पुढच्या रविवारी त्यांनी सभेला दांडी मारून वर्ग घेतला. डॉक्टर मांडी घालून मागच्या रांगेत बसले होते. त्यांना भागाकार येतो की नाही हे भोंगा तपासत होती.

समितीने प्रकरणाची योग्य ती नोंद घेतली. वर्गात फळा आढळल्यामुळे गरज उरलेली नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात आला. परस्पर मदत करून शिस्तभंग केल्याबद्दल डॉक्टरांना कमी करण्यात आलं. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याच काळ्या फळ्याचा फोटो आहे. खाली 'समितीच्या अथक पाठपुराव्याचे फलित' असं छापलं आहे. फोटोतला फळा किंचित तिरका दिसतो. तो सरळ करून घ्यावा, अशी सूचना आर्किटेक्टांनी केली आहे.

ताईंनीही समिती सोडल्यामुळे तिथे सध्या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. अनुभवाची अट नाही. ही हकीकत वाचताना सुरुवातीलाच 'अहो, एक फळा नेऊन द्या की' असं ज्यांच्या मनात आलं, आणि आपल्या घरामागच्या गल्लीत कुणाला फळा हवा आहे का हे बघायला जे अजून जागचे उठलेले नाहीत, त्यांना प्राधान्य दिलं जाईल.